एका मेंढीपुरतं दार

दोन ड्रम पाण्यापायी मी एकदा एका मुलीचा पत्ता उघडा टाकला. कुणाला विकला नाही, कुणाच्या कानात सांगितला नाही. संगणकावर एक ओळ लिहिली आणि पळत खाली गेले, कारण टँकर आला होता. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

पण माझा मूर्खपणा वाचायला तुम्ही बसलेले नाही. गोष्ट आमचा संगणक सांभाळणाऱ्या दुसऱ्या एका मुलीची आहे. तिचं नाव लिहीत नाही. ज्याला जेवढं लागतं तेवढंच दाखवावं, असं तिचं म्हणणं असायचं, आणि तिच्या नावावाचून तुमचं काही अडत नाही.

तिचे हात मात्र पाहायला हवे होते तुम्ही. हुकूम लिहून झाला की ती दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून हवेत धरायची. कणीक मळताना दारात कुणी आलं की आपण धरतो ना, तसे. समोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. ना बटणं, ना चित्रं. ती लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. या काळ्या पडद्याची एक रीत आहे: ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकल्याशिवाय हुकूम चालत नाही. तो अर्धविराम ती आधी कधीच टाकायची नाही. वाचून पटलं, की एका बोटानं टाकायची, एंटर दाबायची आणि म्हणायची, "लागली कडी."

आमचं वधू-वर मंडळ सिडकोत होतं, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. मंडळ म्हणजे मी, दोन लोखंडी कपाटं आणि भिंतीवर लग्न जमलेल्यांचे फोटो. ज्यांची पुढं मोडली त्यांचेही होते, काढणार कोण? शहर वाढलं, शेंद्र्याकडं कारखाने आले, तिकडच्या पोरांना नोकऱ्या आणि मोटारसायकली मिळाल्या, म्हणून आम्ही तिकडं शाखा काढली. मग कपाटातली स्थळं संगणकात भरणं आलं आणि संगणकाबरोबर ती आली. दौलताबादच्या किल्ल्याखालचं गाव तिचं. वडील मेंढ्या राखायचे. ही पॉलिटेक्निक शिकून एका कंपनीत डेटाबेस सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी आमचा.

शाखेतल्या बाईला संगणकात शिरायला स्वतःचं खातं लागतं. मला वाटायचं, खातं दिलं की झालं. ती म्हणाली, "नाय काकू. खातं म्हणजे बाईला नुसतं उंबऱ्याबाहेर उभं केलं. आत काय दिसंल, कशाला हात लावता येईल, ते अजून सांगायचंय."

"अगं, आपलीच बाई आहे. दिसू दे सगळं."

"तिचं काम काय?"

"स्थळं दाखवायची."

"मग नाव, शिक्षण, नोकरी दिसंल. फोन आन् पत्ता नाय दिसणार. दोन्हीकडून होकार आला की तुमी द्यायचा." मग तिनं मला मेंढवाड्याचं सांगितलं. सकाळी मेंढ्या बाहेर काढताना तिचे वडील जाळी पूर्ण उघडत नसत. एका वेळी एक मेंढी जाईल एवढीच फट ठेवायचे, म्हणजे कोण गेली, कोण राहिली, लंगडतीय कोण, सगळं दिसतं. "एका मेंढीपुरतं दार," ती म्हणायची. हे मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की एकदा मुलाकडच्या मंडळींनाही ऐकवलं. त्यांना वाटलं, मी मुलीला मेंढी म्हणतेय. स्थळ गेलं.

माझ्याही खात्याला तिनं खोडायचा अधिकार दिला नव्हता. मंडळाची संचालिका मी, पाटीवर नाव माझं, आणि मला एक स्थळ खोडता येईना. जाब विचारला तर म्हणाली, "काकू, रागावू नका, पण तुमचा हात लई सैल हाय. तुमी रुसलात की खोडाल." एका मुलानं उंची वाढवून लिहिली म्हणून मी त्याच आठवड्यात त्याला खोडायला निघाले होते, त्यामुळं पासवर्ड ठरवायला घेतला. पासवर्डला मी यजमानांचं नाव दिलं, तर म्हणाली, "हे तर सगळ्या सिडकोला माहितीय." मग दुसऱ्या कुणाचं नाव दिलं. ते कोणाचं, हे मी यजमानांनाही कधी सांगितलं नाही.

ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीचा तळ उघडा पडलेला, नळाचा वार कुणाला पाठ नव्हता. स्थळं विचारायला येणारे बाप आधी जमीन किती विचारायचे, ते आता पाणी कुठलं विचारायला लागले. तिनं संगणकात एक नवा रकाना पाडला, 'पाण्याची सोय'. एका बापानं तर मुलाच्या फोटोबरोबर घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं. मी बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हटलं, स्थळ चांगलं आहे.

त्याच सुमारास ती मुलगी आली. एका दवाखान्यात नर्स होती, टीव्ही सेंटरजवळ मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. आईनं जबरदस्तीनं मंडळात आणलेली. साखरपुडा होऊन मोडलेला, आणि मोडलेला हिनंच. तो मुलगा आधी हिचा फोन तपासायचा, मग एक दिवस भर रस्त्यात हात पिरगळला. हिनं अंगठी परत केली. त्यानं पिच्छा सोडला नाही म्हणून हिनं खोली बदलली होती. आई म्हणाली, "स्थळ बघा, पण पत्ता कुणाला कळू देऊ नका."

आमची ही संगणकवाली तिथंच बसली होती. ती मुलीला म्हणाली, "ताई, तुमचा पत्ता फक्त काकूंना दिसंल. मीसुद्धा बघणार नाय." मुलीनं पहिल्यांदा पाण्याचा पेला उचलला.

मग उन्हाळ्यात तिच्या वडिलांचे गुडघे धरले आणि मेंढ्या पाण्यासाठी लांब न्यायची वेळ आली. तिनं रजा काढली आणि गावी गेली. जायच्या आधी तिनं मला खातं कसं काढायचं, अधिकार कसे द्यायचे ते शिकवलं, आणि ती परत येईपर्यंत तो अधिकार माझ्या खात्याला दिला. 'क्रिएट युजर' म्हणजे नवं खातं, 'ग्रँट' म्हणजे देणं, 'रिव्होक' म्हणजे दिलेलं काढून घेणं. "लिहिल्यावर हात वर करायचे, काकू. वाचायचं. मग कडी." मी मान डोलावली. मान डोलवायला मला कुठल्याच अधिकाराची गरज नव्हती.

आता तो टँकर. शेंद्र्याच्या शाखेत एक बाई होती, गोड बोलणारी, येताना घरच्या कुरडया आणणारी. तिचा फोन आला, "ताई, माणसं समोर बसलेत, मला एक रकाना वाढवून द्या ना, जन्मतारीख दिसत नाही." एवढंच मागत होती बिचारी. मी काळा पडदा उघडला. एक रकाना वाढवायचा तर कोणकोणते रकाने दाखवायचे ते नीट लिहावं लागतं. मी लिहायला लागले आणि खालून झेरॉक्सवाले चाचा ओरडले, "भाभी, टँकर आ गया, जल्दी आव, पाइप लगरा."

रकान्यांची नावं लिहीत बसले असते तर टँकर पुढच्या गल्लीत गेला असता. 'ग्रँट'च्या पुढं मी 'ऑल' लिहिलं. ऑल म्हणजे सगळं. हात वर केले नाहीत, वाचलं नाही. अर्धविराम टाकला आणि जिना उतरले. दोन ड्रम भरून मिळाले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

काही दिवसांनी दुपारी ती नर्स माडीवर आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "काकू, माझा पत्ता कुणाकुणाला दिसतो?"

"फक्त मला," मी ऐटीत म्हटलं.

"तो काल खोलीखाली उभा होता. आज माझ्या रिक्षामागं दवाखान्यापर्यंत आला."

मला ते 'ऑल' आठवलं. ड्रम समोर गॅलरीत होते, झाकणावर मीच तांब्या उपडा ठेवला होता.

मी आधी शेंद्र्याला फोन केला. त्या बाईनं सरळ सांगितलं, "हो ताई, एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, मुलगी पसंत आहे, घर बघून येतो. पत्ता समोर दिसत होता, मी वाचून दाखवला." पत्ता विचारायला आलेली ती बाई म्हणजे साखरपुडा मोडलेल्या मुलाची मावशी, हे नंतर कळलं.

मग मी गावी हिला फोन लावला. पलीकडं मेंढ्यांचा कालवा. मी अडखळत सगळं सांगितलं. मला वाटलं, आधी विचारेल की काय लिहिलंत. तिनं विचारलं, "पोरगी कुठंय?"

"माझ्यासमोर."

"तिला खोलीवर जाऊ देऊ नका. मी निघतेच. आता काळ्या पडद्यासमोर बसा, आन् सांगते तसं लिहा."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. शेंद्र्याच्या खात्याचे सगळे अधिकार काढून घ्यायचा हुकूम. "हात वर," ती फोनवर म्हणाली. मी फोन खांद्यात धरून हात वर केले. ती मुलगी माझ्याकडं बघत होती. "वाचा." मी वाचलं. "परत वाचा, शेंद्राच लिहिलंय ना, दुसऱ्या कुणाचं खातं नाय ना?" मी परत वाचलं. "लावा कडी."

लावली.

"दार बंद झालं," ती म्हणाली. "पण मेंढी बाहेर गेलेली हाय, काकू. ती काय या पडद्यावरून माघारी यायची नाय."

तोवर मला वाटत होतं की 'रिव्होक' केलं की सगळं पूर्वीसारखं होतं. संगणकात होतं. त्या मुलाच्या डोक्यात गेलेल्या पत्त्याला ते लागू नव्हतं.

ऊन उतरायच्या आत ती काळीपिवळी जीपमधून आली. पायांना धूळ, ओढणीला लोकरीचे बारीक धागे. आम्ही तिघी चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी मुलाला बोलावून समज दिली. ती त्याला किती आली, कोण जाणे. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "मी त्या खोलीत परत जाणार नाही."

"जायचंच नाय," ही म्हणाली. मैत्रिणीकडून तिची बॅग आणवली.

"कुठं नेतेस तिला?" मी विचारलं.

"काकू, चहा ठेवा ना," ती म्हणाली.

मी चहा ठेवला. दोघी प्यायल्या आणि गेल्या. जिन्याच्या कठड्यावरून पाहिलं तर मुलीची बॅग हिच्या डोक्यावर होती आणि मुलगी मोकळ्या हातानं चालत होती.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी माझं भाषण तयार ठेवलं होतं. शेंद्र्याच्या बाईवर थोडं ढकलायचाही विचार होता. तिनं ते सुरूच होऊ दिलं नाही. "तिला दिसलं, तिनं वाचलं. दिसायलाच नको होतं," एवढं म्हणाली आणि काळा पडदा उघडला. "काकू, अधिकार द्यायचा तुमचा अधिकार काढते."

"काढ," मी म्हटलं.

तिनं हुकूम लिहिला, हात उचलले, मोठ्यानं वाचला. त्यात माझं नाव होतं. मग कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. "कडी तुमी लावा."

मी लावली. खोटं कशाला सांगू, त्या अर्धविरामानंतर मला फार हलकं वाटलं. नंतर तिनं मला आवळासुपारी दिली आणि एका बापाच्या 'पाण्याची सोय: नशिबावर' या नोंदीवर आम्ही दोघी हसत बसलो.

त्या मुलीचं स्थळ तिनं संगणकातून पूर्णच काढलं. मी विचारायची, अगं कुठं आहे ती, नोकरीचं काय झालं. ही काहीतरी दुसरंच काढायची. मी बॅग कुठल्या गाडीत चढली असेल याचे अंदाज बांधले. एकदा दौलताबादला जाणाऱ्या एका बाईला मी उगाच म्हटलंसुद्धा, की किल्ल्याखाली मेंढ्यांमागं कुणी शिकलेली मुलगी दिसली तर सांग. म्हटल्याबरोबर जीभ चावली. माझा सैल हात तोंडापर्यंत पोचला होता.

पुढं पाऊस झाला. लोकांच्या हातात मोठे फोन आले, स्थळं खिशातच मिळायला लागली आणि मंडळाच्या शाखा एकेक करून मिटल्या. तिला पुण्यात मोठी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी ती आली, शाखांची उरलेली खाती बंद केली, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं खातं मिटवायचा हुकूम लिहिला. हात उचलले, स्वतःचंच नाव मोठ्यानं वाचलं आणि कडी लावली. मग कीबोर्ड फडक्यानं पुसला.

मी तिच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले. ती दोन पायऱ्या उतरली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "आता तरी सांग गं. कुठं असते ती?"

ती वळली. तिचे दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले होते.

"ती बरी हाय, काकू. तुमाला एवढंच लागतं."