आत बसून बघ

पिंजऱ्याची कडी आतून उघडते की नाही, हे बाहेर उभं राहून कळत नाही. कुणीतरी आत बसावंच लागतं. मिस्त्रींच्या कारखान्यात हे काम त्यांच्या बायकोचं, वहिनींचं होतं. कारखाना म्हणजे काय, तर एक शटर, त्यामागे वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, सळयांचा ढीग आणि त्याच्याही मागे नवराबायकोची राहायची खोली. मिस्त्री पिंजरे बनवायचे, वहिनी रंग मारायच्या. आधी तांबडा, मग काळा. आणि रंगाला हात लावण्याआधी मिस्त्री म्हणायचे, "आत बसून बघ."

लग्न झालं तेव्हा वहिनी अंगाने लहानखुऱ्या होत्या आणि पुढेही तशाच राहिल्या. वाढलं ते मिस्त्रींचं पोट. "तू मापात आहेस," ते म्हणायचे, आणि त्यांच्या लेखी हे कौतुक होतं. गुडघे हनुवटीला टेकवून वहिनी आत बसायच्या, मिस्त्री बाहेरून कडी सरकवायचे, मग वहिनी फटीतून बोटं घालून ती उघडायची खटपट करायच्या. उघडली, तर मिस्त्री चरफडत तिथे पत्र्याची पट्टी जोडायचे. नाही उघडली, तर वहिनी आतून सांगायच्या, "नाही उघडत." त्यावर मिस्त्री म्हणायचे, "म्हणजे चांगली झाली." मिस्त्रींच्या पिंजऱ्यातून जनावर सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती. खरं तर ती वहिनींच्या बोटांची ख्याती होती, आणि वहिनींना तिची शिसारी यायची.

नवा पिंजरा निदान लोखंडाच्या वासाचा असतो. दुरुस्तीला आलेल्यांचा वास केसांत बसतो. कोपऱ्यांत वाळलेली घाण, जाळीला चिकटलेले केस, आणि एखादी सळई एकाच जागी चावून चावून चकचकीत झालेली. हे सगळं खरवडायला वहिनी होत्याच. कुत्र्याची पिल्लं विकणारं एक गिऱ्हाईक नेहमी यायचं, अत्तराचा घमघमाट सुटलेला. त्याला कुत्रीसाठी असा पिंजरा हवा असायचा, की तिला आडवं पडता यावं, पण वळता येऊ नये. "वळून ती करणार काय?" तो एकदा हसून म्हणाला. मिस्त्रीही हसले, गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं, ही त्यांची रीत. वहिनी मागे मोरीत जाऊन थुंकल्या. आणि परत येऊन त्याही पिंजऱ्यात बसल्या. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण मूग गिळून बसायची सवय हाडात मुरली की तोंड उघडता उघडत नाही.

मग एके दिवशी साहेब आले. साहेब म्हणजे कडक इस्त्रीचा सदरा आणि तोंडात खडीसाखर. म्हणाले, "मोठा कुत्रा पाळलाय. खोलीला जाळीचं दार बसवायचंय. माणसाच्या उंचीचं करा. कडी बाहेरून. आणि खाली फट ठेवा, ताट सरकेल एवढी."

"कुलपाची सोय करू?" मिस्त्रींनी विचारलं.

"छे छे. कुलूप बरं दिसत नाही. येणारेजाणारे चौकशा करतात."

साहेब गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, कुत्र्याला ताट कोण वाढतं?"

"असतात लोकांचे लाड. तू रंगाचं बघ."

दार बसवायला दोघं साहेबांच्या घरी गेली. फरशी अशी लखलखीत की वहिनींना चप्पल दाराबाहेर कुठे ठेवावी तेही सुचेना. मागच्या खोलीत मात्र बुरशीचा आणि शिळ्या अन्नाचा वास होता. तिथे कुत्रा नव्हता. खाटेवर एक बाई बसली होती. साहेबांचंच नाक, वयाने साहेबांपेक्षा थोडी मोठी, केस कुणीतरी कात्रीने कसेही कापून टाकलेले.

"माझी थोरली बहीण," साहेब जराही न चाचरता म्हणाले. आपण कुत्रा सांगितला होता, हे बहुतेक त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "डोकं ठिकाणावर नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन जेवायला मागते. आमची काय अब्रू राहिली, सांगा."

"मला भूक लागते," बाई म्हणाल्या.

"बघा, हे असं चालतं," साहेब म्हणाले आणि हसले.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी हा माणूस काही बोलेल, निदान सामान उचलेल. मिस्त्री वायरचा गुंता सोडवत होते. त्या वायरमध्ये एवढं बघण्यासारखं काय होतं, देव जाणे. गुंता सुटल्यावर ते म्हणाले, "दार धर."

वहिनींनी दार धरलं. या गोष्टीत किळस यावी अशी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्या घटकेला वहिनींनी स्वतःलाही त्यांत धरलं.

दार बसलं. "आत बसून बघ," मिस्त्री म्हणाले आणि बाहेरून कडी सरकवली. तेवढ्यात खालच्या फटीपाशी वेल्डिंगचा शेवटचा टाका मारताना घरातली वीज गेली. फ्यूज बघायला मिस्त्री आणि साहेब जिना उतरले. कडी तशीच राहिली. मिस्त्रींनी मुद्दाम नाही केलं. मुद्दाम केलं असतं तर निदान बायको आत आहे हे त्यांच्या मनात तरी आलं असतं.

खोलीत अंधुक उजेड उरला. खाटेवरून आवाज आला, "तुलापण ठेवलं का गं इथं?"

'नाही हो ताई, मी दार बसवायला आले,' असं वहिनींच्या ओठांवर आलं. पण त्यांनी कडीकडे पाहिलं आणि ते तिथेच राहिलं.

"तसंच दिसतंय, ताई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फट चाचपली. कडीमागच्या पत्र्याच्या कडेला करंगळी जाईल एवढी जागा सुटली होती. मिस्त्रींच्या बोटांना ती कधीच सापडली नसती. वहिनींनी करंगळी घातली, कडीचं टोक वर उचललं, बाजूला ढकललं. खट्. दार उघडलं. त्यांनी ते ओढून घेतलं, आणि तशीच उलट्या बाजूने कडी परत लावली.

"ताई, इकडे या. करंगळी द्या."

ताईंचा हात थंडगार होता आणि करंगळी काडीसारखी. पहिल्यांदा कडी हाललीच नाही. दुसऱ्यांदा टोक निसटलं. जिन्यावर पावलं वाजायला लागली. ताईंनी डोळे मिटले, जीभ दातांत धरली, आणि खट्. वहिनींनी झटक्यात कडी परत लावून हात मागे घेतला.

दिवे आले. मिस्त्री जाळीपाशी येऊन उभे राहिले.

"काय? उघडते?"

इतक्या वर्षांत कडीच्या बाबतीत वहिनी एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या.

"नाही उघडत."

"म्हणजे चांगली झाली," मिस्त्री म्हणाले. साहेबांनी मान डोलावली.

पुढे बरेच दिवस साहेबांची तक्रार आली नाही. मग एका दुपारी वहिनी ब्रश आणायला बाजारात गेल्या, तर फळवाल्याशेजारच्या बाकावर ताई केळं खात बसलेल्या. वहिनींना पाहून त्यांनी करंगळी वर केली. वहिनींना इतकं हसू आलं की डोळे भरून आले.

"भाऊ कामावर गेला की निघते," ताई म्हणाल्या. "तो यायच्या आत परत जाते. कडी लावून घेते. त्याला पत्ताही नाही."

"परत कशाला जाता हो त्या घाणीत?"

"मग झोपू कुठं? तू कुठं जातेस झोपायला?"

उरलेलं केळं ताईंनी वहिनींच्या हातावर ठेवलं. ते खात खातच वहिनी घरी आल्या.

कारखान्यात नवा पिंजरा तयार होता. त्या अत्तर लावणाऱ्या गिऱ्हाइकाचाच, मोठ्या जातीच्या कुत्रीसाठी. आडवं पडता येईल, वळता येणार नाही.

"होतीस कुठं? गिऱ्हाईक येतंय आता. आत बसून बघ."

सवयीने वहिनींनी एक पाय आत टाकलाही. मग तो बाहेर काढला.

"आज तुम्ही बसा."

"मी?"

"तुम्हीच. मला किळस येते."

मिस्त्री हसले. वहिनी हसल्या नाहीत. गिऱ्हाईक तर दारात येऊन ठेपणार होतं. शेवटी पुटपुटत, पोट आवळत मिस्त्री पाठमोरे होऊन आत शिरले. वहिनींनी कडी सरकवली. मिस्त्रींची जाड बोटं फटीपाशी अडली, धडपडली, खरचटली.

"नाही उघडत," ते म्हणाले. "काढ आता."

"या बाजूने वळून बघा की."

"वळता कुठं येतंय!"

"म्हणजे चांगली झाली," वहिनी म्हणाल्या, आणि थिनरचा डबा घेऊन मोरीकडे गेल्या. बोटांना लागलेला रंग काढायचा होता, आणि त्या कामाला वेळ लागतो.