अर्धी टाकी

जीपला मागे हूक बसवायचा की नाही यावरून आमच्या घरात भांडण जुंपलं होतं आणि तिकडे स्लॅब उन्हात वाळत होता.

शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते, पण शहराला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ते आपलं चारी अंगांनी वाढतच होतं. बीड बायपासच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. त्यातला एक बाबांनी घेतला. सरकारी कचेरीतली सगळी नोकरी भाड्याच्या खोल्यांमध्ये काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर एकदम मालक झाला. घर उभं राहीपर्यंत आम्ही प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. त्या पत्र्याखाली आईने दोन उन्हाळे काढले. दुपारी ती ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसायची आणि बाबांकडे बघायचीसुद्धा नाही. पुढचा उन्हाळा स्लॅबखाली, असा बाबांनी तिला शब्द दिला होता.

आणि स्लॅब पडला. पडला म्हणजे ओतला गेला. ज्यांनी घर बांधलंय त्यांना सांगायला नको, खरी परीक्षा त्यानंतर असते. स्लॅबवर सिमेंटची बोटभर उंचीची आळी करायची, भाजीच्या वाफ्यांसारखी, आणि त्यांत पाणी भरून ठेवायचं. ते दोन-तीन आठवडे आटू द्यायचं नाही. ठेकेदाराने जाताना बजावलं, "पाणी तुटलं तर स्लॅब तडकन. मंग मला बोलायचं नाय." आमची बोअर तोवर नुसती हवा ओढायला लागली होती. टँकरवाला दोनदा आला आणि मग म्हणाला, पाणी फक्त पिण्यासाठी द्यायचं असा हुकूम आहे, बांधकामाला बंद. त्याचं काही चुकलं नव्हतं. माणसांना प्यायला नसताना आम्ही सिमेंटला पाणी पाजत होतो, हे मलाही कळत होतं. पण दुसरा स्लॅब टाकायची आमची ऐपत नव्हती, आणि पत्र्याखाली बसलेली आई मला रोज दिसत होती.

डोंगरापलीकडे बाबांच्या एका मित्राचं शेत होतं. त्यांच्या विहिरीला पाणी टिकून होतं आणि लागेल तेवढं न्या म्हणाले होते. प्रश्न होता आणायचं कसं. बाबांना लासूर स्टेशनच्या बाजारात एका ओळखीच्या आडत्याकडून दोन चाकांवरची आडवी लोखंडी टाकी मिळाली. कचेरीच्या लिलावात घेतलेली जुनी जीप आमच्याकडे होतीच. तिला मागे हूक बसवला की टाकी ओढता येईल, असा बाबांचा बेत. आई म्हणाली, "ती जीप स्वतःला ओढत नाही, टाकी काय ओढणार?" आणि भांडण सुरू झालं.

ते मिटवलं शेजारच्या दादांनी. आजूबाजूला सगळे प्लॉट मोकळे, शेजार असा एकच, त्यांचा. दादा वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते. तीन शिफ्टमध्ये फिरणारी नोकरी, त्यामुळे माणूस कायम अर्धवट झोपेतला आणि चिडका. माझ्या स्वभावाशी त्यांचं छान जमायचं. त्यांनी जीपखाली डोकं घातलं, मागच्या चासीवर हातोडीने ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "होतंय."

वाळूजच्या रस्त्याला त्यांच्या ओळखीचं वेल्डिंगचं शेड होतं. तिथं बाबांनी घाई करायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, बंपरला हूक लावून टाका, दुपारपर्यंत पहिली खेप होईल. दादा उखडले. "काका, बंपरला लावला ना, तर बंपर टाकीसंगं राहील अन् जीप एकटी घरी येईल. चासीलाच धरावं लागतंय." मग जाड लोखंडी पट्टी कापली, ती चासीच्या दोन्ही बाजूंना बोल्टांनी आवळली, मधोमध हूक आणि त्यातून आरपार जाणारी अंगठ्याएवढी पिन. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एक-एक पाटा वाढवला, जीप बसू नये म्हणून. शेवटी दोन्ही बाजूंना साखळ्या. बाबांना साखळ्या म्हणजे उगाच खर्च वाटला. दादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दिवस गेला, पण काम चोख झालं. संध्याकाळी दादा हुकावर उभे राहून उड्या मारत होते आणि जीप नुसती हलत होती.

गाडी मी चालवणार होते. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि मी शिकवत होते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. टाकी भरल्यावर जीप अंगात आल्यासारखी घुमायची, पण चढ चढायची. विहिरीकडून येताना खिंडीपर्यंत चढ, मग आमच्या बाजूला लांबलचक उतार. पहिल्या दोन खेपा मी दात आवळून केल्या. टाकीला स्वतःचा ब्रेक नव्हता. सगळा भार जीपच्या ब्रेकवर. तरी भरलेली टाकी शहाण्यासारखी मागे यायची.

खिंडीच्या माथ्यावर एक वस्ती होती. वस्तीतल्या बाया सरकारी टँकरची वाट बघत रस्त्याकडेला हंड्यांची रांग लावून बसायच्या. आमची टाकी डुचमळत त्यांच्यासमोरून जायची. पहिल्या दोन्ही वेळा त्यांनी नुसतं बघितलं. मी सरळ रस्त्याकडे बघत होते आणि बाबा स्वतःच्या चपलांकडे.

तिसऱ्या दिवशी त्यातली एक म्हातारी उठली आणि तिने हंडा रस्त्याच्या मधोमध आणून ठेवला. मला ब्रेक मारावाच लागला.

"पोरी, घाई हाय का लई?" ती खिडकीशी येऊन म्हणाली. "दोन दिस झालं, टँकर नाय. लेकरं वरडायली."

मी बाबांकडे बघितलं. ते आधीच खाली उतरले होते. "एक-एक हंडा देऊ," मला म्हणाले. माझा पारा चढला. सकाळीच विहिरीवरून त्यांनी आईला फोन करून सांगितलं होतं, टाकी भरली, निघालोच. रात्रीचं पाणी आळ्यांमधून आटून गेलं होतं, ऊन डोक्यावर आलं होतं. पण आमच्या घरात पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायची रीत नव्हती. अंगणात आलेल्या परक्या माणसालाही आधी तांब्या, मग चौकशी, हे मी लहानपणापासून पाहत आलेले. बाबांनी तोटी सोडली. एक-एक हंडा म्हणता म्हणता सगळी रांग भरून झाली, वस्तीतून आणखी बाया धावत आल्या, घागरी आल्या, बादल्या आल्या. शेवटी मी हॉर्न वाजवत राहिले तेव्हा बाबा येऊन बसले. टाकीवर टिचकी मारून आले होते. "अर्धी आहे अजून," म्हणाले. चेहरा इतका प्रसन्न, की माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं.

अर्ध्या टाकीचं काय होतं हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. दादांनाही नाही. हूक, पिन, पाटे, साखळ्या, सगळ्याचा विचार झाला होता. पाणी वाटेतच वाटून टाकू, असं मात्र त्यांच्या डोक्यात कशाला येईल?

उताराला लागताच पहिला धक्का बसला. कोणीतरी मागून ढकलल्यासारखा. मी ब्रेक दाबला तसं टाकीतलं सगळं पाणी पुढे आदळलं आणि जीप ढकलली गेली. ब्रेक सोडला तर ते मागे गेलं आणि जीपचं शेपूट एका बाजूला ओढलं गेलं. परत पुढे. प्रत्येक वेळी जास्त जोरात. मोकळी जागा मिळाली की पाणी असं माजतं. मी दुसऱ्या गियरवरून पहिल्यावर आले, इंजिन किंचाळलं, पण मागचा धक्का काही ऐकेना. स्टिअरिंग माझ्या हातात होतं एवढंच, जीप टाकी नेईल तिकडे चालली होती. डाव्या हाताला दरी नव्हती, पण नाला होता, आणि तो पुरेसा खोल होता. बाबा एका हाताने डॅशबोर्ड धरून म्हणत होते, "हळू, हळू." मी ओरडले, "मी नाहीये पळवत!"

पुढे रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं आणि कडेला खडीचे ढीग टाकलेले होते. मी जीप त्यातल्या एका ढिगात घातली. खडी बोनेटवर आली. मागून टाकीचा शेवटचा दणका बसला, काहीतरी कडाडलं आणि सगळं थांबलं. टाकीत मात्र पाणी बराच वेळ हेलकावे घेत होतं.

बाबा उतरले, टाकीच्या चाकांपुढे दगड लावले आणि मागे जाऊन बघितलं. पिन केळ्यासारखी वाकून हुकातून अर्धी बाहेर आली होती. टाकी साखळ्यांवर तोलली होती.

"पाणी सोडून देऊ," बाबा म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. पिन ठोकून बसवू, पहिल्या गियरवर इंच इंच उतरू, खाली फक्त एवढा उतार राहिलाय, तिकडे स्लॅब मरतोय आणि तुम्हाला दानधर्म सुचतोय. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मोठी झाल्यापासून त्यांनी असं केलं नव्हतं. "स्लॅब तडकला तर पत्र्याखाली राहू," ते म्हणाले. "तुला काही झालं तर कुठे राहायचं आम्ही?"

मी तिथेच रडले. रागाने की भीतीने, सांगता येणार नाही. मग चढ चढून वस्तीवर गेले आणि बायांना म्हटलं, चला, उरलेलंही घ्या. आधी त्यांना खरं वाटेना. मग हंडे घेऊन सगळ्याच उतारावरून पळत आल्या. टाकी रिकामी झाल्यावर त्यांनीच जीप खडीतून मागे ढकलली. म्हातारीने विचारलं, "अन् तुमच्या घराचं वो?" बाबा म्हणाले, "बघू." दगडाने पिन सरळ करून आम्ही रिकामी टाकी खडखडवत घरी निघालो. खिंडीत मोबाईलला रेंज नव्हती, आणि रेंज आली तेव्हा फोन करायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

त्या स्लॅबचं सांगून टाकते. एका कोपऱ्यात त्याला तडा गेला, पण तो उभा आहे. पुढच्या खेपा आम्ही आधी पूर्ण टाकी वस्तीवर रिकामी करून आणि मग दुसरी काठोकाठ भरून आणत होतो. पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आई स्लॅबवर उभी होती, पदर खोचलेला, हातात रिकामी कळशी. आळ्यांमध्ये पाणी चकाकत होतं. बाबांनी वर बघून विचारलं, "हे कुठून आणलंस?"

"घरातलं," आई म्हणाली. "सकाळी फोन आला ना तुमचा, टाकी भरली, निघालो म्हणून. दुपारी सगळं कोरडं ठाक पडलं. म्हटलं, येतच असाल, तोवर हे ओतावं." तिने खाली जीपमागच्या टाकीकडे बघितलं. "उघडा की तोटी. मला पण हवंय प्यायला. मघापासून घसा सुकलाय."

पिण्याचा माठ, दोन्ही कळशा, पिंप, सगळं तिने एकटीने शिडीवरून वर नेऊन ओतलं होतं. बाबांनी तिला काय झालं ते सांगितलं. ती खाली उतरली आणि ओट्यावर बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. पत्रा अजून तापलेला होता आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता.

बाबांनी हंडा उचलला. आई म्हणाली, "द्या इकडे. ओतलं मी, तर मागायचं पण मीच."

जायला घर एकच होतं. दादांचं कुटुंब बौद्ध. आईने त्या घरात आजवर घोटभर पाणी घेतलं नव्हतं. तोंडाने ती कधी वावगं बोलली नाही. वहिनींनी तांब्या पुढे केला की गोड हसून म्हणायची, "नको गं, आत्ताच पिऊन आले." बाबा मात्र मान खाली घालून दोन-दोन पेले प्यायचे. यावरून मी आईशी कडाकडा भांडले होते, ती रडली होती, आणि विषय तिथेच थांबला होता. समोरच्यांना काय कळायचं ते कळलेलंच होतं. तरीही दादा आमच्यासाठी जीपखाली झोपले.

मी आईच्या मागे गेले. दादा दुसऱ्या शिफ्टला गेलेले, वहिनी एकट्या होत्या. त्यांच्याकडेही ड्रममधलंच पाणी होतं, मोजून वापरायचं. आईने हंडा पायरीवर ठेवला. वहिनींनी हंड्याकडे बघितलं, तिच्या ओठांकडे बघितलं, आत गेल्या आणि भरलेला तांब्या घेऊन आल्या. तो लगेच दिला नाही. हातात धरून उभ्या राहिल्या.

"का काकू," त्या म्हणाल्या, "आज पिऊन नाय आल्या?"

त्या हसत नव्हत्या. मला वाटलं, आई आता मागे फिरेल. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"नाही," आई म्हणाली. "आज नाही."

वहिनींनी तांब्या पुढे केला. आईने तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या, न थांबता प्यायली. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडत होतं. तांब्या रिकामा झाल्यावर तिने तो वहिनींच्या पुढे धरला आणि विचारलं, "अजून देशील?"

वहिनी तांब्या घेऊन आत गेल्या.