चष्म्यातला बाजार अन् माही मान

चाकाच्या खुर्चीवरचे चार जनं रोज एका खोलीत बसले का किस्से आपोआप साचतेत. वर्धेच्या कॉलेजातली आमची खुर्ची चालवाले शिकाची खोली तशीच!

लकव्यानं माहे पाय गेले, हात थरथरतेत. पोरगा सुरेश जिथं ठेवीन तिथं मी, पान्याच्या माठावानी! म्हन्लं, बस झालं. आता आपली खुर्ची आपनच चालवाची.

शिकवनारी प्राची मॅडम डोयावर मोठा चष्मा बांधते. व्हीआर का काय म्हनतेत त्याले. आत खोटा बाजार दिसते. कोनी हातानं खुर्ची चालवते, कोनी फुंकीनं, कोनी मानेनं. न धडकता बाजार पार केला, तवाच खरी, मोटरवाली खुर्ची भेटनार!

*

पयले मले हातानं चालवाची दांडी देल्ली. हात थरथरला, खुर्ची थेट टमाट्याच्या गाड्यात! मी गाडेवाल्यावर वरडली,

"सरक ना बे! म्हातारी येऊन राह्यली, दिसत नाई?"

मॅडम म्हने, "आजी, तो खरा नाही."

"मंग दात काऊन दाखवून राह्यला मले?"

*

हिंगनघाटचे धनराजभाऊ, रिटायर क्लार्क. मानेखाली काईच हालत नाई, म्हनून तोंडात नळी. फुकलं का खुर्ची पुढं, ओढलं का मागं. एक दिवस जेवून आले अन् चष्म्यातच झोपले. घोरनं सुरू! आमच्यासमोरच्या पडद्यावर त्याइची खुर्ची पुढं-मागं, पुढं-मागं. मॅडम उठवाले निघाली, मी म्हन्लं, "थांब वो माय, पाहू तं दे!"

उठल्यावर त्याइले सांगतलं, "भाऊ, झोपेत कोनालेच धडकले नाई तुमी. जागेपनीच काऊन धडकता?"

*

मले शेवटी मानेचं देल्लं. मान वाकवली का खुर्ची पुढं, जास्त वाकवली का जोरात, ताठ केली का बंद. मस्त जमलं! बाजार सरतच आलता, तं बाजूले मारुतीचं देऊळ. जन्माची सवय, वाकली ना मी! खुर्ची सुटली अन् समोरच्या गाईवर!

"आजी, नमस्कार करू नका!"

"मंग देऊळ काऊन ठेवलं?"

पुन्हा गेली, पुन्हा गाय. सुरेश म्हने, "राहू दे आई, मी ढकलतो ना तुले."

टाळकंच सरकलं माह्यं! घरी सून आरती कराची, तं मी समोर मान ताठ करून बसाची. सून म्हने, "आई, देवावर रुसल्या का?"

"रुसली नाई वो, प्रॅक्टिस करून राह्यली!"

*

अन् एक दिवस गाय वाचली. खरी खुर्ची भेटली!

सुरेशनं ती आमच्या नालवाडीच्या रस्त्यावर उतरवली अन् मागचं हँडल गच्च धरलं. सोडाचं नावच घेईना. म्हने, "म्या धरलं हाय, तू घाबरू नको."

कोपऱ्यावर खरं मारुतीचं देऊळ. त्याच्या पुढं, पार टोकाले, माही मैतरीन शांता ओट्यावर बसून पाहून राह्यलेली.

देऊळ आलं. सुरेश म्हने, "आई, मान ताठ ठेवजो हं!"

अन् देवाले हात जोडाले त्यानं हँडल सोडलं.

समोर रस्ता मोकळा. मी मारुतीले वाकली.

एवढा लांब नमस्कार जन्मात केला नव्हता. मान वर केली ते शांताच्या ओट्यापाशीच!