उघडं न राहणारं पुस्तक

आत्याच्या हातचं पुस्तक कधी सुटत नाही, असं तिच्याकडे काम देणारे तिन्ही ग्रंथपाल सांगत, आणि ते खरं होतं. तीस वर्षांत तिने बांधलेलं एकही पुस्तक पानं गळाली म्हणून परत आलं नव्हतं. शनिवारी सकाळी भाच्याने मोबाइल तिच्या नाकापुढे धरला, तेव्हा ती एका शब्दकोशाच्या कडेला दाभणाने भोकं पाडत होती. तक्रार पानं गळाल्याची नव्हतीच. पुस्तक उघडं राहत नाही, अशी होती.

फोटोत भाच्याचं पुस्तक होतं. डाव्या पानावर पाण्याची भरलेली बाटली, उजव्या पानावर इस्त्री, आणि तरीही पुस्तक मधून फुगलेलं. खाली ओळ: ‘या खेळाला पाच माणसं लागतात. त्यातली दोन पुस्तक धरायला.’

“लोक हसतायत,” भाचा म्हणाला.

“किती?”

“कालपासून बाराशे.”

आत्याने दाभण खाली ठेवलं.

भाचा दिवसा इमारतींचे नकाशे काढायचा आणि उरलेल्या वेळात चार वर्षं खपून त्याने एक खेळ लिहिला होता. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुणाचं काय होणार ते फासे ठरवतात. गोष्ट होती आटत चाललेल्या धरणातून वर येणाऱ्या एका बुडालेल्या गावाची. नियम, नकाशे आणि तक्ते मिळून दोनशे चाळीस पानं. सहाशे प्रती छापल्या, त्या आत्याने बांधल्या. एकशे चाळीस आगाऊ मागणीवर गेल्या. चारशे साठ तिच्या दुकानात, छतापर्यंत.

असले खेळ पुस्तकांच्या दुकानात विकले जात नाहीत. ते विकले जातात एका ऑनलाइन ग्रुपवर. ग्रुपमध्ये अकरा हजार माणसं होती, आणि त्यांच्यातला एकजण, ज्याला सगळे ‘म्हातारा’ म्हणत, दर रविवारी कुठला तरी नवा खेळ कॅमेऱ्यासमोर खेळून दाखवायचा. त्याने खेळला तो खेळ महिनाभरात संपायचा. त्याने नाक मुरडलं की तो रद्दीत. इस्त्रीचा फोटो त्यानेच टाकला होता.

दुपारपर्यंत नवी मागणी थांबली आणि मागणी नोंदवून प्रतीची वाट पाहणारी नव्वद माणसं ‘आता नको’ म्हणाली.

चूक कुणाची, हे आत्याला फोटो पाहताच कळलं होतं. बाइंडिंगचा धंदा तिच्याकडे वडिलांकडून आला. भाऊ, म्हणजे भाच्याचा बाप, बँकेत चिकटला. ती दुकानात राहिली. वडिलांची परीक्षा एकच: बांधलेल्या पुस्तकाचं मधलं पान चिमटीत धरायचं आणि अख्खं पुस्तक त्या पानावर उचलायचं. पान निघालं तर दिवसभर बोलणी. म्हणून ती कडेने आरपार टाके घालायची, वर गोंदाचे तीन हात. वाचनालयाचं पुस्तक माणूस हातात धरून वाचतो, त्याला एवढं पुरतं. हे पुस्तक चार तास टेबलावर उताणं पडून राहायचं होतं. तिने एकदाही तो खेळ पाहिला नव्हता, आणि भाच्यानेही बांधणीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आत्याला काय सांगायचं, असं त्याला वाटलं होतं.

“मी करतो काहीतरी,” असं म्हणून तो गेला. त्याने काय केलं, ते रविवारी उघड झालं.

त्याने तीन खोटी नावं घेऊन ग्रुपवर तीन फोटो टाकले. तिन्हींत पुस्तक छान उघडं होतं, आणि तिघेही म्हणत होते, आमच्याकडे तर काही त्रास नाही बुवा. तासाभरात कुणीतरी तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. तिन्हींत टेबल तेच होतं. कोपऱ्यावर गरम भांड्याने पडलेला अर्धगोल काळा डागही तोच. मग ग्रुप हसायचा थांबला आणि लेखकाला लबाड म्हणायला लागला. हसण्यापेक्षा हे बोलणं वाईट होतं.

“अरे, तुला अक्कल कुणी दिली?” आत्याने विचारलं.

“सगळे करतात.”

“सगळ्यांचं टेबल एकच नसतं.”

अकरा वाजता ग्रुपने त्याला काढून टाकलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बांधणी करणाऱ्या दुकानाचा फोन नंबर होता. बाराला तो वाजायला लागला. पहिल्याने विचारलं, हे दुकान तरी खरं आहे का?

आत्याने शेजारच्या टायपिंगवाल्या बाईंकडून ग्रुपवर आपलं खातं काढून घेतलं आणि एका बोटाने लिहिलं: ‘हे पुस्तक मी बांधलं. हा खेळ कसा खेळतात ते मी पाहिलं नव्हतं. मी वाचनालयाची बांधणी घातली. चूक माझी. फोटो माझ्या भाच्याने टाकले, ती चूक त्याची. पुस्तक कसं बांधायला हवं ते सांगा.’

उत्तरं भराभर आली. निम्म्यांनी विचारलं, हेसुद्धा त्याचंच खोटं नाव नाही कशावरून? बाकीच्यांपैकी बहुतेकांनी एकच शब्द लिहिला: स्पायरल.

तो वाचून तिचं तोंड कडू झालं. स्पायरल म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं काम. यंत्राने भोकं पाडायची, तार फिरवायची, झालं. तीस वर्षांत तिने ते एकदाही केलं नव्हतं, आणि मागायला आलेल्यांना ती कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट दाखवायची.

दोनला म्हाताऱ्याने लिहिलं: ‘काकू, खऱ्या असाल तर पुढच्या रविवारी चारला या. लेखकाला आत आणू नका. आम्ही खेळू, लोक बघतील.’

आठवडाभर आत्याने फक्त तीन प्रती तयार केल्या. एक होती तशीच. दुसरी छापखान्याकडून आलेल्या जास्तीच्या फर्म्यांची, म्हणजे घडी घातलेल्या सोळा-सोळा पानांच्या जुडग्यांची: प्रत्येक फर्मा घडीतून शिवलेला, पाठ मोकळी, ती टेबलावर पाण्यासारखी पसरत होती. या प्रतीवर तिने अडीच दिवस घालवले. तिसरीसाठी एका बांधलेल्या पुस्तकाचा कणा कापला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तार घालून आणली. तिथला मालक म्हणाला, “आज सूर्य कुठून उगवला?” ती म्हणाली, “भोकं सरळ पाड.”

म्हातारा निघाला पस्तिशीचा, धंद्याने दातांच्या कवळ्या बनवणारा. त्याच्या कामाच्या खोलीतच टेबल होतं. चार खेळाडू बसले होते, वर दिव्याच्या दांड्यावर मोबाइल बांधलेला. त्याच्या पडद्यावर बघणाऱ्यांचा आकडा: सातशे दहा.

“तिन्ही टेबलावर ठेवा,” तो म्हणाला. “कुठली कशी बांधली ते सांगू नका. आणि मध्ये बोलायचं नाही.”

“मी कशाला बोलू?”

“आमच्याकडे आलेला प्रत्येक लेखक बोलतो.”

ती भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. भाचा खाली जिन्यात होता.

खेळ सुरू झाला. आत्याला गोष्ट अर्धी कळत होती, पण ती गोष्ट ऐकतच नव्हती. ती हात बघत होती. जुनी प्रत दहाव्या मिनिटाला बाजूला गेली. मग घडीतून शिवलेली म्हाताऱ्याने ओढली, मधोमध उघडली आणि हात काढून घेतला. पुस्तक तसंच राहिलं. त्याने अंगठा शिवणीवरून फिरवला. आत्या स्टुलावर पुढे सरकली. अर्धा तास तीच प्रत चालली. आकडा हजारावर गेला.

मग गावातल्या बुडालेल्या घंटेचा प्रसंग आला आणि म्हातारा उभा राहिला. अशा वेळी तो टेबलाभोवती चालत बोलायचा. त्याने शिवलेली प्रत उचलली, ती धरायला दोन्ही हात लागत होते. एका हातात फासे होते. त्याने ती ठेवली, स्पायरलची उचलली, पानं मागे दुमडली आणि वहीसारखी एका हातात धरून चालू लागला. शेजारच्या मुलीने तक्ता मागितला तेव्हा ती तशीच दुमडलेली तिच्याकडे गेली, तिथून पुढच्याकडे. पुढचे दोन तास शिवलेल्या प्रतीला कुणी हात लावला नाही. तिच्यावर कुणीतरी पेन्सिल ठेवली होती.

सातला खेळ संपला. म्हाताऱ्याने शिवलेली प्रत पुन्हा हातात घेतली.

“हे कुणी शिवलं?”

“मीच.”

“अशा साडेचारशे करायला किती दिवस?”

“मरेपर्यंत.”

तो हसला नाही. “आणि या?”

“स्पायरल? दहा दिवस.”

त्याने तिच्यादेखतच मोबाइलवर लिहिलं आणि वाचून दाखवलं: ‘खेळ चांगला आहे. लेखक खोटं बोलला, त्याला ग्रुपवर पुन्हा घेणार नाही. पुस्तक हवं असेल त्याने बाइंडरकाकूंना फोन करा. ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांनी ती त्यांच्याकडे धाडा, त्या बदलून देतील.’ मग तिला विचारलं, “द्याल ना?”

“लिहून मग विचारतोस होय रे? देईन.”

जिन्यात भाचा उठून उभा राहिला. “काय झालं?”

“पुस्तक जाईल. कणे कापायचे सगळ्यांचे.”

“आणि माझं?”

“तुला नाही घेणार परत.”

तो कठड्याला धरून उभा राहिला. “चार वर्षं मी लिहिलं, आत्या. लोक खेळणार, बोलणार, आणि मी तिथे असणारही नाही?”

“वाचता येईल तुला. बोलता येणार नाही.”

“पुस्तकावर नाव तरी राहील?”

“ते मुखपृष्ठावर आहे. मी कापणार कणा.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुणीतरी दोन प्रती मागत होतं; स्पायरलच्याच ना, असं दोनदा विचारत होतं. “हो, स्पायरलच्याच,” ती म्हणाली. पत्ता लांबलचक होता. तिने पिशवीतून वही काढून भाच्यापुढे धरली.

“घे लिहून.”

तो पायरीवर बसला आणि ती सांगेल तसं लिहायला लागला.