दिव्यांखालचा हिरवा रंग

इतवारा पेठेतल्या आमच्या दारात स्पोर्ट्स कार उभी असायची, हे आज सांगितलं तर लोक मला थापाडी समजतात. लांब नाक, उघडं डोकं, पुढे दोन मोठे दिवे, आणि बसायला जागा फक्त दोघांना. बाबा एका छोट्या संस्थानात राजकुमारांना गणित शिकवायचे. संस्थान विलीन झालं, बाबांची नोकरी गेली आणि निरोप म्हणून राजेसाहेबांनी ही म्हातारी गाडी दिली. त्यांची हौस तोवर फिटली असावी.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मला भाऊ झाला आणि बारशाच्या आधीच गेला. आई खिडकीशी बसून राहू लागली. तिचं माहेर बहादरपूरला, अगदी जवळ. आजी निरोपावर निरोप धाडायची. आई म्हणायची, "दिवसा नको. लोक रिकामी मांडी देखतात." बाबांनी अंधार पडल्यावर टांगा करू म्हटलं, तर म्हणे, "टांगेवाला रस्ताभर विचारत राहील." अंधारात, आपल्याच गाडीतून, कुणाच्या नजरेस न पडता जायचं, एवढंच तिला चालणार होतं; आणि उघडी गाडी पाऊस सरेपर्यंत निघणार नव्हती.

मांडी रिकामी कशी? मी होते की. पण नऊ वर्षांची, लांब तंगड्यांची मुलगी कुणाच्या हिशेबात नव्हती. मला फार राग यायचा.

दसऱ्याच्या पूजेसाठी बाबांनी गाडी धुवायला काढली, तेव्हा आई उठली. दारं-खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट घेऊन ती बाहेर आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून उठली होती. बाबांनी लगबगीने पुढचे दिवे खोलून दिले. आईने दिवे ज्यांवर बसतात त्या लोखंडी दांड्या रंगवल्या, पत्रा रंगवला, कुठे बोटभर जागा सोडली नाही. त्या दुपारी टर्पेंटाइनच्या वासाने डोळ्यांवर गुंगी येत होती, आणि आईचा हिरवा हात पाण्याखाली हलावा तसा सावकाश हलत होता. मी ओट्यावर पडून नुसती बघत राहिले.

रंग वाळल्यावर बाबांनी दिवे परत बसवले. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. संध्याकाळी त्यांनी खटका दाबला, तर दिवे विझत्या निखाऱ्यांसारखे जेमतेम लाल झाले. आई आत निघून गेली.

मग रोज संध्याकाळी आमचा तोच उद्योग. बाबांनी बॅटरी कापसाच्या जीन-कारखान्यात नेऊन चार्ज करून आणली. बल्ब बदलले, फ्यूज बदलला, उंदरांनी कुरतडलेल्या तारांना पट्ट्या गुंडाळल्या. पाना धरायला मी. गल्लीतून केळीच्या गाड्या जात, बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब लांब होत जाई, धुळीत सोनेरी उजेड तरंगत राही, आणि दिवे काही उजळत नसत.

"करंट जातोय तर खरा," एकदा बाबा स्वतःशीच पुटपुटले. "मंग परत काहून येत नाही?"

त्यांनी एका उघड्या तारेचं टोक बॅटरीला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "दिव्याच्या पत्र्याला लाव." मी लावलं आणि समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली. तार उचलली, पुन्हा निखारा. मला तो खेळ सोडवेना.

बाबांनी समजावलं, वीज दिव्यात जाते तारेतून, पण परतते गाडीच्या लोखंडातून. दिवा आणि लोखंड यांच्यामध्ये आता आईचा रंग होता.

"खरवडू?" मी विचारलं.

"नाही." बाबांनी आवाज खाली आणला. "त्या रंगापायी ती उठली. त्याला हात नाही लावायचा. वेगळी तार टाकू."

आई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि आत वळली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा ती खिडकी. पण ती स्वयंपाकघरातली सुरी घेऊन बाहेर आली.

"खोला दिवे," बाबांना म्हणाली. मग खाली बसून तिने स्वतः दांड्यांची टोकं खरवडली, लोखंड चमकेपर्यंत. हिरवे पापुद्रे तिच्या पायांवर पडत होते. "रंगच तर आहे. पुन्हा लावीन."

बाबांनी डोळे पुसले आणि पाना माझ्याकडे मागितला.

या खेपेला दिवे लागले ते थेट गल्लीच्या टोकापर्यंत. उजेडात पाखरं जमली. आई पदर सावरून गाडीत बसली. बाबा मला म्हणाले, "शेजारी काकूंकडे थांब हं, आम्ही येतोच." गाडी दोघांचीच, हे मला कायम ठाऊक होतं. तरी मी काकूंकडे न जाता तिथेच उभी राहिले.

गाडी जराशी पुढे गेली आणि थांबली.

"तू काहून उभी?" आईने हाक मारली. "ये ना."

"जागा कुठाय?"

तिने मांडीवरचा पदर सारखा केला आणि मांडी थोपटली.

माझे गुडघे पुढच्या पत्र्याला अडत होते, डोकं तिच्या हनुवटीला लागत होतं. दोन्ही बाजूंनी केळीची पानं उजळायची, मागे जाऊन विझायची. आपण रस्त्यावरून नाही, कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत, असं मला वाटत होतं. आईचे हात माझ्या पोटाशी घट्ट होते.

बहादरपूरला आवाज ऐकून माणसं दारांत आली. आजी कंदील घेऊन पुढे झाली. तिने आधी आईच्या मांडीकडे पाहिलं. तिथे मी होते.