जहाजावरचं चौघांचं टेबल

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही दोन मराठी कुटुंबं वरखाली राहायचो. ह्यांचे मित्र वर, आम्ही खाली. रिटायर झाल्यावर आम्ही नोएडाला फ्लॅट घेतला, त्यांनी गुडगावला. पण नॉर्वेला चौघांनी मिळून जायचं हे कधीचं ठरलेलं होतं. विमानानं फक्त ओस्लो गाठायचं. पुढे आगगाडी, बस आणि शेवटी जहाज, सगळं निवांत.

तिकिटं काढली आणि त्याच हिवाळ्यात ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्स. प्रवासाला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मित्रही ह्यांना म्हणाले, "यार, आपल्याला कुठे डोंगर चढायचेत? बसून तर राहायचंय. चलो."

आगगाडीत, बसमध्ये खरंच मजा आली. बाहेर बर्फ, धबधबे, आणि हे दोघे जुन्या साहेबांच्या आठवणी काढून हसत बसलेले.

जहाजावर मात्र रात्रीचं जेवण थाटाचं असायचं. पहिल्याच संध्याकाळी ह्यांच्या चमच्यातलं सूप मित्रांच्या बाहीवर सांडलं. त्यांनी ते नॅपकिननं पुसलं. दुसऱ्या दिवशी वेटर ह्यांच्या ग्लासात वाइन ओतायला आला, तेव्हा मित्र त्याला इंग्रजीत म्हणाले, "अर्धाच भर. जास्त भरलास तर आमच्याच अंगावर येईल." मग स्वतःचा ग्लास उचलून त्यांनी हात थरथरवून दाखवला. शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. हेही हसले. उजवा हात ह्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.

सकाळी डेकवर मित्रांची बायको माझ्याजवळ आली.

"राग मानू नकोस, आम्ही वेगळं टेबल मागून घेतलंय. समोर बसून जेवण जात नाही गं. आम्ही तरी इथे परत कधी येणार?"

"ह्यांना काय सांगू मी?"

"सांग काहीही. त्यांना आता काय कळतंय?"

"त्यांचं डोकं ठणठणीत आहे."

"अच्छा," ती म्हणाली आणि दुर्बीण डोळ्यांना लावून किनारा बघायला लागली.

संध्याकाळी आम्हाला किचनच्या दाराजवळचं दोघांचं टेबल मिळालं. "इथे गरम गरम येईल," हे म्हणाले. मी ह्यांना मासा कापून दिला. पलीकडे मित्र एका जर्मन जोडप्यासोबत बसले होते. त्यांचा हात हवेत थरथरत होता आणि ते जोडपं हसत होतं. ह्यांना ते दिसलं नाही. पाठ तिकडे होईल अशी खुर्ची ह्यांनी स्वतःच निवडली होती.

दिवाळीत मित्रांनी गुडगावला फराळाला बोलावलं आणि टीव्हीवर प्रवासाचे फोटो लावले. जेवणाच्या टेबलावरच्या फोटोंत मी होते, ते दोघं होते, ह्यांची बाजू कापलेली होती. एका फोटोत ह्यांची नुसती कोपरापर्यंतची बाही उरली होती.

"जहाज छान आलंय," हे म्हणाले.

परतताना गाडीत मी म्हणाले, "मी पुन्हा त्यांच्या घरात पाऊल टाकणार नाही."

हे म्हणाले, "मग आपण जायचं कुणाकडे?"

पुढच्या दिवाळीला मित्रांनी बोलावलंच नाही. हे सकाळीच इस्त्रीचा कुर्ता घालून बसले होते. संध्याकाळी दिवे लागले, तेव्हा मी तो उतरवायला ह्यांना मदत केली.