डोहातली बिजवाई

बिजवाई हा शब्द मी सरकारी कागदावर चुकीचा उतरवला त्या दिवशी माझे अक्षर फार सुरेख आले होते. कागद पाहून तहसीलदारांनी मला शाबासकी दिली होती. ते आठवले की मला अजून स्वतःच्या उजव्या हाताचा राग येतो.

माझे गाव सौंदडपासून दीड-दोन कोसांवर, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली. पाळीच्या या टोकाला आमची धानाची बांधी आणि त्या टोकाला ढिवरांची वीस-बावीस घरे. आम्ही पोवार. पूर्वज माळव्याकडून आले आणि जमीन धरून बसले. तलावाचे पाणी आमचे आणि पाण्यातले मासे ढिवरांचे, अशी वाटणी कोणी केली ते कोणालाच ठाऊक नव्हते. गावाचा मालक मालगुजार होता तोपर्यंत ती कागदावर असण्याची गरजही नव्हती. तो गेला, तलाव सरकारजमा झाला आणि गावोगावचे जुने हक्क निस्तारपत्रकात लिहून घ्या, असा हुकूम आला. मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो, वय तिशीच्या पुढे. गाव माहितीचे म्हणून माझ्याच गावाचे काम मला दिले.

चावडीवर सगळे जमले. शेतकऱ्यांचे झाले, गुराख्यांचे झाले. मग ढिवरांतला सर्वांत म्हातारा पुढे आला. मी त्याला लहानपणापासून मामा म्हणत असे. मांडीला मांडी लावून बसला आणि म्हणाला, "लिव बाबू. तुडुमापाशी जो डोह आहे ना, तिथलं पाणी होळीपासून तलाव भरेपर्यंत कोणी हालवाचं नाही. तिथं बिजवाई राह्यते."

"आणखी?"

"आणखी का? बिजवाई राहिली तं सगळंच राहिलं."

मागून कोणीतरी म्हणाले, "मामा, जाळं जाळाची गोष्ट सांग ना."

"ते कायले सरकारले सांगाचं? सरकार का जाळं टाकून राहिली?" मामा म्हणाला, आणि चावडी हसली.

मीही हसलो. विचारले मात्र नाही, आणि तेवढे एकच माझे काम होते. आमच्या घरात बिजवाई म्हणजे धानाचे बी. दुसरा अर्थ मी कधी ऐकला नव्हता, कारण ढिवरांच्या ओसरीवर मी कधी बसलोच नव्हतो. मला वाटले, उन्हाळ्याच्या शेवटी पऱ्हे टाकायला, म्हणजे धानाची रोपे करायला, पाणी लागते, त्यासाठी डोह राखतात. ढिवराला शेतकऱ्याच्या बियाण्याची काळजी कशाला असेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. मी लिहिले : "तुडुमाजवळील डोहातील पाणी बियाण्याकरिता राखीव."

लिहून मोठ्याने वाचून दाखवले. मामाने मान डोलावली. त्याच्या कानाला तो आपलाच शब्द वाटला. सरकारी भाषेत बिजवाईला बियाणे म्हणत असतील. माझ्या वडिलांनीही मान डोलावली. एकाच ओळीखाली मामाने अंगठा उठवला आणि वडिलांनी सही केली. दोघे दोन वेगवेगळ्या गोष्टींना हो म्हणत होते आणि मधे बसलेला शिकलेला माणूस शाई टिपत होता.

मामाची बिजवाई म्हणजे मासोळ्या. तलाव आटत आला की मोठ्या पोटुशा मरळी, रोहू, सगळ्या त्या डोहात उतरत. होळीनंतर ढिवर डोहाभोवती चार बांबू रोवत. बांबूंच्या आत जो जाळे टाकेल त्याचे जाळे पाळीवर जाळून टाकत. पुढे पाणी चढले की त्याच मासोळ्या वरच्या नाल्याकडे जात, अंडी घालत आणि तलाव मासोळीने पुन्हा भरे. तुडुम म्हणजे पाणी सोडण्याचे दगडी दार. त्याला एकाखाली एक बुचे असत. सर्वांत खालचे बूच मालगुजाराच्या राज्यातही कोणी काढले नव्हते. ते का काढत नाहीत, हे आम्हा शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते. ते आवळून बसले आहे असे आम्ही समजत होतो.

पुढच्या वर्षी मासोळीचा लिलाव झाला. गोंदियाचा एक ठेकेदार आला. लिलाव वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या रकमेतून शाळेवर कौले चढली आणि त्या शाळेत ढिवरांची पोरेही बसली. पण ठेकेदाराच्या माणसांनी चैत्रात बांबू उपटले. मामा पाळीवर उभा राहून ओरडला, "काऊन बे, बिजवाईत हात घालून राहिले? कागद आहे आमच्यापाशी!"

ठेकेदार शांतपणे म्हणाला, "कागज में मछली का नाम कहाँ है, दादा? पढ़वा लो."

कागद वाचायला मलाच बोलावले. पाळीवर उभे राहून मी माझे सुरेख अक्षर वाचले. पाणी बियाण्याकरिता राखीव. मामा माझ्याकडे वळला. "मंग बराबर आहे ना?" त्याने विचारले. तेव्हा, त्या क्षणी, मला कळले. मी म्हणालो, "मामा, यात मासोळीचा उल्लेख नाही." उल्लेख! ढिवराच्या तोंडावर मी हा शब्द फेकला.

ठेकेदाराने दोन दिवसांत डोह चाळून काढला. उरलेसुरले माझ्या घराने संपवले. त्या वर्षी पाऊस लांबला. वडील तो कागद घेऊन पाळीवर गेले आणि लोकांकरवी खालचे बूच काढवले. रात्री जेवताना मी म्हटले, "बाबूजी, ते पाणी मासोळ्यांचं होतं. लिहिण्यात माझी चूक झाली."

ते म्हणाले, "चूक कायची? धान पिकलं तं ढिवरही खाईल. आणि चूक आहे तं आपल्या फायद्याची आहे. नोकरी गमवाची आहे का तुले?"

मी भात कालवला आणि खाल्ला. त्या डोहाच्या पाण्यावर पुढे आलेले धानही खाल्ले.

इथपर्यंत कोणी मला अजाण म्हणेल. पुढचे ऐका.

वरच्या नाल्यातून येईल तेवढीच मासोळी आता तलावात होती आणि तीही दरवर्षी घटत होती. काही वर्षांनी आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि तिकडून मासळी खात्याचे एक साहेब तलाव पाहायला आले. कोकणातले. त्यांनी आणलेल्या छापील तक्त्यात बंदर कोणते, होड्या किती, असे रकाने होते. मी त्यांच्यासोबत पाळीवर चाललो होतो. साहेब हसून म्हणाले, "हे रकाने सोडून द्या. मला वेगळं विचारायचंय. आमच्याकडे कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालत नाहीत. समुद्र खवळलेला असतो हे खरंच, पण तेवढ्यात मासळीही वाढते. तुमच्याकडे असा काही बंदीचा काळ आहे का? असेल तर मी तो ठेक्याच्या अटींत घालीन. ठेकाही चालेल आणि मासळीही राहील."

सहाशे मैलांवरून माणूस तोच प्रश्न घेऊन आला होता. मामा पन्नास पावलांवर बसून जाळे विणत होता. मला फक्त हाक मारायची होती. पण हाक मारली असती तर जुना कागद निघाला असता, ती ओळ निघाली असती आणि ती कोणी लिहिली हेही निघाले असते. मला तेव्हा बढती मिळायची होती.

मी म्हणालो, "तशी नोंद नाही, साहेब."

त्यांनी तसेच टिपून घेतले. मी खोटे बोललो नव्हतो. नोंद नव्हतीच, ती न करणारा मीच होतो. मी साहेबांच्या मोटारीत पाय ठेवत होतो तेव्हा मामाने विचारले, "का म्हणत होते साहेब?" मी म्हणालो, "काही नाही, तलाव आवडला त्यांना."

त्यानंतर दोन-तीन हंगामांत जाळ्यात बोटभर झिंगे तेवढे यायला लागले. ठेकेदाराने ठेका सोडला. त्याला दुसरे तलाव होते. ढिवरांना दुसरे तलाव नव्हते. माणसे रेल्वेच्या खडीवर जाऊ लागली, बायका विड्या वळू लागल्या. मामाच्या सुनेने वेगळाच धंदा काढला. ती सौंदड स्टेशनवरून सुकी मासोळी आणी आणि गावोगाव विके. तलावाच्या गावात समुद्राचे सुकट! एकदा आमच्या दारात टोपली उतरवून ती माझ्या बायकोला म्हणाली, "घ्या बाई, मुंबईची मासोळी. आमची तं बाबूच्या कागदात मेली." मी आत बसलो होतो. ती हसत होती, आणि मी आत आहे हे तिला ठाऊक होते.

वडील गेले तेव्हा बांधी माझ्या नावावर आली आणि त्यासोबत त्या ओळीतला पाण्याचा हक्कही. मग मी अर्ज केला. माझ्या हातून चूक झाली, ढिवरांच्या म्हणण्याचा अर्थ अमुक होता, नोंद दुरुस्त व्हावी. स्वतःच्या सहीने. उत्तर आले : नोंद ग्रामस्थांना वाचून दाखवून, त्यांच्या अंगठ्यांनिशी कायम झाली आहे. वाचून दाखवणारा मी, हे उत्तर फाईल करणाराही मीच. बढती आधीच मिळाली होती. मला शिक्षा करावी असेही वरिष्ठांना वाटले नाही, याचा मला जास्त संताप आला.

त्या उन्हाळ्यात मी पऱ्हे टाकायचे नाही असे ठरवले. मामाकडे गेलो. पहिल्यांदाच त्याच्या ओसरीवर बसलो आणि सगळे सांगितले, साहेबांचा प्रश्नसुद्धा. ऐकताना तो सुतळी वळत होता.

"मी माझा हक्क सोडतो, मामा," मी म्हणालो. "यंदा खालचं बूच मी काढणार नाही."

"तुवा एकट्यानं नाही काढलं तं का होते? लिवलं तं सगळ्यायसाठी ना?"

त्याने सुतळी खाली ठेवली. तो पुढे म्हणाला, "साहेब आला तवा मी तिथंच होतो. हाक मारली असती तं आलो असतो."

माझ्या बांधीत त्या वर्षी धान लागले नाही. भाऊबंदांनी मला खुळा ठरवले. मृगाच्या आधी बाकीच्या शेतकऱ्यांनी जमून खालचे बूच काढले. मी आडवा आलो तर एकाने खिशातून निस्तारपत्रकाची नक्कल काढली आणि माझ्यासमोर धरली.

"बाबू, तुयंच अक्षर ना हे? वाच."

अक्षर माझेच होते, आणि कागद त्यांच्या बाजूचा होता. मी बाजूला झालो. डोहात पाणी कमी कमी होत गेले आणि तळाच्या गाळात मला एकही मासोळी उडताना दिसली नाही.